साडेचार सुताचे बोल्ट

चौदाचा पाना बोल्टच्या डोक्यावर बसत नव्हता आणि पंधराचा नुसताच गरगर फिरत होता. मी पुन्हा चौदाचा लावून बघितला. पुन्हा पंधराचा. मधल्या मिनिटभरात बोल्ट काही वाढणार नव्हता की आटणार नव्हता, पण चिडलेला माणूस असंच करतो.

"काय झालं साहेब?" शोभाताईंनी विचारलं.

"पाना बसेना."

"मग दुसरा घ्या की."

दुसरा नव्हता, हीच तर अडचण होती.

ही गोष्ट भूम तालुक्यातल्या ईट गावची. मी धाराशिवला एका रेफ्रिजरेशन सर्व्हिस कंपनीत काम करतो. भूम, परंडा, वाशी या भागातल्या दूध गार करायच्या टाक्या माझ्याकडं. बल्क कूलर म्हणतात त्याला. गावातलं दूध सकाळी कोमट येतं. ते स्टीलच्या मोठ्या टाकीत ओततात. टाकीच्या बुडाशी गॅसच्या नळ्या असतात आणि शेजारी कॉम्प्रेसर. घरातल्या फ्रिजचाच थोरला भाऊ. संध्याकाळी डेअरीचा टँकर येतो आणि गार झालेलं दूध घेऊन जातो.

ईटचं केंद्र शोभाताई चालवत. त्या दिवशी सकाळचं सगळं दूध टाकीत पडलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की मशीन आवाज करतंय, पण दूध काही गार होत नाही. त्यांनी फोन केला, मी निघालो. पोचल्यावर प्रेशर मोजायचे गेज लावले. दोन्ही काटे जवळपास एकाच आकड्यावर. कॉम्प्रेसरचं काम म्हणजे एका बाजूनं गॅस ओढायचा आणि दुसऱ्या बाजूनं दाबून सोडायचा. दोन्हीकडं प्रेशर सारखं झालं, म्हणजे आतला मधला पडदा फाटला. बहुतेक वेळा हेड गॅस्केट जातं. हेड म्हणजे कॉम्प्रेसरचं वरचं झाकण आणि गॅस्केट म्हणजे त्याच्याखालचं जाड कागदासारखं पॅकिंग. त्याचा शीट माझ्या गाडीत कायम असतो. जागेवर कापून बसवता येतं.

"तासाभराचं काम आहे," असं मी चारचौघांत मोठ्यानं सांगूनही टाकलं. नको तिथं तोंड उघडायची मला सवय आहे.

मग कळलं की हे मशीन मी बसवलेलं नव्हतंच. जुनं युनिट जळाल्यावर डेअरीच्या मालकानं मुंबईकडच्या कुठल्यातरी मोडीत निघालेल्या कोल्ड स्टोरेजमधून अमेरिकन युनिट उचलून आणलं आणि परस्पर बसवून घेतलं. आम्हाला सांगायची तसदी कुणी घेतली नाही. अमेरिकन म्हणजे सगळं इंचात. माझी पेटी सगळी मिलिमीटरमध्ये.

हे थोडं समजावून सांगतो. आपल्याकडं इंचाचे आठ भाग करतात, एका भागाला सूत म्हणतात. सेंट्रिंगवाला तीन सुती सळई, चार सुती सळई म्हणतो, ते हेच. या हेडच्या बोल्टचं डोकं होतं साडेचार सुताचं. मिलिमीटरमध्ये मोजलं तर चौदाच्या किंचित वर. चौदाचा पाना चढत नाही आणि पंधराचा धरत नाही. काही मापं नशिबानं जुळतात. सहा सुताला एकोणीसचा पाना चालून जातो, पाच सुताला सोळाचा. साडेचार सुताला काहीच चालत नाही. नेमकं तेच माझ्या वाट्याला.

अ‍ॅडजस्टेबल पाना होता. तो लावला. पहिल्याच बोल्टवर घसरला आणि एक कोपरा खाऊन गेला. असे सगळे कोपरे गेले की बोल्ट गोल होतो आणि मग छिन्नीशिवाय इलाज उरत नाही. मी तो पाना लांब भिरकावला. भिंतीवर आपटून तो परत माझ्याच पायाशी आला.

भूमच्या एका गॅरेजवाल्याला फोन लावला. त्याच्याकडं इंचाचा सेट आहे हे मला माहीत होतं.

"हाय की," तो म्हणाला. "पण बोअरच्या गाडीवाल्यानं नेलाय. गाडी सोनारीच्या पुढं कुठंतरी लागलीय. फोन लावतो त्येला."

बोअरवाल्याचा फोन लागत नव्हता. बोअर चालू असताना तो फोन उचलेल तरी कसा? मग धाराशिवला आमच्या काळेसाहेबांना फोन केला.

"जाधव, आज सोडून द्या," साहेब म्हणाले. "उद्या सेट घेऊन जा."

"उद्यापर्यंत दूध राहणार नाही साहेब."

"दूध आपलं नाही ना. आपण मशीनवाले."

मी फोन ठेवला. साहेबांचं चुकलं असं नाही. पण शोभाताई समोर उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात टँकरनं इथलं दूध एकदा परत केलं होतं. तेव्हाच डेअरीनं बजावलं होतं की पुन्हा टँकर इथून रिकामा गेला तर केंद्र उचलून दुसऱ्या गावात नेऊ. कारण काहीही असो, ऐकणार नाही. हे केंद्र शोभाताईंनी एकटीनं उभं केलेलं. वस्तीवरच्या बायकांच्या दारोदार हिंडून त्यांनी दूध वळवलं होतं. केंद्र गेलं असतं तर त्या बायकांना तोंड दाखवणं त्यांना जड गेलं असतं. त्या दर थोड्या वेळानं टाकीतलं वाटीभर दूध काढायच्या, चुलीवर उकळायच्या आणि बघायच्या. नासलेलं दूध उकळताना फुटतं. फुटलं की संपलं.

"न्हाय फुटलं अजून," त्या येऊन सांगायच्या.

त्यांच्या त्या 'अजून'नं मला घाम फुटायचा.

मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. एका जागी उभं राहणं मला तसंही जमत नाही. तेवढ्यात पेटीतलं हॅक्सॉ ब्लेड दिसलं. लोखंड कापायच्या करवतीचं पातळ पातं. पंधराच्या पान्यात आणि बोल्टच्या डोक्यात जी फट राहत होती, जवळपास तेवढीच त्या पात्याची जाडी. मी पात्याचा तुकडा मोडला, पान्याच्या जबड्यात एका बाजूला घातला आणि पाना बोल्टवर सरकवला. घट्ट! अंगाचा जोर देऊन ओढला. 'कट्' असा आवाज झाला आणि बोल्ट हलला. मी ओरडलोच.

पुढचे बोल्ट एकामागून एक निघाले. मग मागच्या बाजूचे तीन बोल्ट आले आणि गाडी पुन्हा अडली. ते हेडच्या खोबणीत बसलेले. वरून जाड पाइप गेलेला, मागं भिंत. तिथं उघड्या तोंडाचा पाना शिरतच नव्हता. तिथं रिंग पाना हवा, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर वरून कड्यासारखा बसणारा. आणि रिंगमध्ये ब्लेडचा तुकडा टिकत नाही, बाहेर निसटतो. चार वेळा करून बघितलं. चार वेळा बोटं सोलली.

एकच उपाय उरला होता. चौदाचा रिंग पाना तापवून लाल करायचा, काढलेल्या बोल्टच्या डोक्यावर ठोकून घालायचा, म्हणजे त्याचं भोक त्या मापाचं होतं. जुने फिटर असे पाने करत. पण त्याला पोलाद लाल होईल एवढा जाळ पाहिजे.

"शोभाताई, गावात लोहाराचा भाता?"

"लोहार न्हाय आता. भट्टी हाय." त्यांनी रस्त्याच्या पलीकडं बोट केलं आणि बोट लगेच खाली घेतलं.

पलीकडं नानांची खव्याची भट्टी होती. या भागात दूध म्हणजे आधी खवा, मग बाकीचं. नाना म्हणजे शोभाताईंचे चुलत सासरे. केंद्र निघायच्या आधी वस्तीवरचं सगळं दूध नानांच्या कढईत जायचं. केंद्र निघालं आणि नाना सुनेशी बोलायचे बंद झाले. नाना बोलत नाहीत म्हणून शोभाताईही बोलत नव्हत्या. मोठ्या माणसाशी आपण होऊन बोलायचं कसं, हा एक प्रश्न होताच.

मशीन बंद पडल्याची बातमी नानांना केव्हाच लागली होती. त्यांनी रिकामे कॅन भट्टीसमोर ओळीनं मांडून ठेवले होते. दूध चांगलं आहे तोवर ते त्यांच्या कामाचं. नासलं की त्यांनाही उपयोग नाही, फुटलेल्या दुधाचा खवा होत नाही. त्यामुळं तेही आत-बाहेर करत होते. त्या रस्त्यावर त्या दुपारी एकही माणूस धड बसलेला नव्हता.

मी भट्टीपाशी गेलो. शोभाताई माझ्या मागून आल्या आणि चार हातांवर थांबल्या. नाना कढईत उलथणं फिरवत होते. खवा आटवताना हात थांबवून चालत नाही.

"नाना, तुमच्या भट्टीत हा पाना तापवू द्या," मी म्हणालो.

"कशापायी?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले.

"म्हंजी माझ्याच जाळावर माझ्याच हातचं दूध घालवायचं? साहेब, तिला म्हणावं, दूध आताच दे. घंटाभरानं माझ्याबी कामाचं न्हाय आन् तिच्याबी."

शोभाताई चार हातांवर उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं बघितलं.

"साहेब, नानास्नी सांगा," शोभाताई म्हणाल्या, "दूध दिलं तर गाडी रिकामी जाईल. मंग केंद्र ऱ्हायचं न्हाय."

"नाना, त्या म्हणतात..."

"ऐकलं म्या. तिला सांगा, केंद्र न्हवतं तवाबी गाव उपाशी न्हवतं."

"शोभाताई, नाना म्हणतात..."

"त्येनला सांगा, तवा त्येंची कढई भरायची, आमची न्हाय."

मला हे सहन होईना. दूध तापतंय, दिवस कलतोय आणि मी निरोप्यासारखा मान इकडून तिकडं वळवतोय. "ओ, होय की नाही तेवढं सांगा!" मी जरा जास्तच जोरात बोललो.

नानांनी उलथण्याचा एक फेरा पुरा केला. "ठीक हाय. ही कढई लावलीय. हिचा खवा झाला, की टाकीतलं दूध माझं. तवर काय भाजायचं ते भाजा. इचारा तिला, हाय का कबूल?"

मी विचारलं नाही. शोभाताईंनी नुसती मान हलवली.

पाना जाळात घातला. भट्टीला विजेचा ब्लोअर होता, पण खव्याला मोठा जाळ चालत नाही. त्यामुळं तो बेतानंच चालू होता. पाना तापायला फार वेळ लागला. तोवर मी नांगराचा जुना फाळ दोन दगडांवर आडवा टाकला आणि त्याच्या भोकात काढलेला बोल्ट उभा घातला, डोकं वर. पाना लाल झाल्यावर सांडशीनं काढून त्या डोक्यावर ठेवला आणि हातोड्याचे चार घाव घातले. लोण्यासारखा खाली गेला. मी खूश होऊन तो तसाच गार होऊ दिला.

तीच चूक झाली. गार झाल्यावर पाना त्या बोल्टला असा काही चिकटला की हलेना. गरम लोखंड फुगतं आणि गार होताना आवळतं. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव याच तत्त्वावर बसते आणि वर्षानुवर्षं निघत नाही. हे मला नीट माहीत होतं. घाईत सगळं विसरलो. मी स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली.

"काय झालं वो?" नाना उठून बघायला आले. चिकटलेला पाना बघून त्यांना मौज वाटली. मी पाना-बोल्ट तसाच पुन्हा जाळात टाकला आणि कुणाला न विचारता ब्लोअर पूर्ण सोडला. आता मला एका क्षणाचीही वाट बघायची नव्हती. नाना सांडशी घेऊन वाकले. मी सांगत होतो, "इकडून धरा, तिकडून धरा." दोघांचंही लक्ष जाळाच्या तोंडाकडं. कढईकडं कुणाचंच नाही.

वास आधी शोभाताईंना आला.

नाना धावले. उलथणं घातलं, पण तळ केव्हाच लागला होता. काळा धूर वर आला. त्यांनी कढई एकट्यानंच खाली ओढली आणि बघत राहिले. तपकिरी, काळा, गोळे झालेला सगळा माल. माझी चूक होती. ब्लोअर मी सोडला होता. मला वाटलं, आता हा म्हातारा मला भट्टीतच घालतो.

नानांनी घाम पुसला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"साहेब, सांगा तिला. कढई उतरली. दूध माझं."

मी तोंड उघडायच्या आत शोभाताई पुढं आल्या. हातात ती दूध उकळायची वाटी तशीच.

"नाना," त्या म्हणाल्या. नजर थेट नानांवर. "खवा झाला की दूध तुमचं, असं ठरलं व्हतं. तुमीच बोललाव. ह्यो खवा हाय का?"

नानांनी त्यांच्याकडं बघितलं. मग कढईकडं बघितलं. उलथण्यानं एक काळा गोळा उचलला, नाकाशी नेला आणि परत टाकला. जन्मभर ज्यानं खवा केला, तो माणूस त्या गोळ्याला खवा म्हणणं शक्यच नव्हतं. मेला असता, पण म्हणाला नसता.

"न्हाय," ते म्हणाले. "ह्येला खवा कोन म्हणंल?"

नानांनी सांडशी उचलली.

"आता वर कढईबी न्हाय. सोडा तो ब्लोअर, किती सोडायचाय तेवढा. बगता काय माझ्याकडं?"

जाळ घोंघावायला लागला. पाना बघता बघता लाल झाला आणि बोल्ट ठोकून बाहेर काढता आला. या वेळी मी अक्कल वापरली. बोल्टच्या डोक्याला पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळायची, म्हणजे गार होताना पाना आवळला तरी थोडी जागा शिल्लक राहते. शोभाताईंनी पावडरचा रिकामा डबा आणून पट्टी कापून दिली. पुन्हा पाना तापवला. नानांनी सांडशीत धरला, मी ठोकायला लागलो.

"नाना, डावीकडं कललाय," शोभाताई म्हणाल्या.

"दिसतंय मला."

"दिसतंय तर सरळ धरा की."

नानांनी सरळ धरला. लाल असतानाच पाना ओढून काढला. आता पाण्यात बुडवायचा मोह होत होता, पण तापलेलं पोलाद एकदम पाण्यात घातलं तर कडक होतं आणि जोर दिला की काचेसारखं तडकतं. राखेत ठेवून आपोआप गार होऊ द्यावं लागतं. तो वेळ माझ्या नोकरीतला सगळ्यात लांब वेळ. मी भट्टी ते टाकी, टाकी ते भट्टी अशा किती चकरा मारल्या कुणास ठाऊक. शोभाताईंनी मध्ये आणखी एकदा दूध उकळून बघितलं. फुटलं नव्हतं. या वेळी वाटीत नानाही डोकावले.

पाना मागच्या बोल्टवर बसला. थोडा सैल, पण सहाही बाजूंनी धरणारा. तिन्ही बोल्ट निघाले. हेड उचललं तर गॅस्केट मधोमध फाटलेलं. मी शीट हेडवर ठेवून कडेनं हातोडीनं ठोकत नवं कापलं, बसवलं, त्याच पान्यानं बोल्ट आवळले. आतली हवा पंपानं ओढून घेतली, आधी बंद केलेले गॅसचे व्हॉल्व्ह उघडले आणि मशीन चालू केलं. थोड्या वेळानं गॅस ओढणाऱ्या पाइपवर पाण्याचे थेंब जमले. मी पाइपला हात लावला. गार. मग शोभाताईंनी लावला. मग नानांनी.

टँकर नेहमीसारखा उशिरा आला, तोवर दूध गार झालं होतं. एरवी त्याच्या उशिरापायी ड्रायव्हरचा उद्धार होतो, त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही. टँकरवरच्या माणसानं थर्मामीटर घातला, थोडं दूध उकळून बघितलं आणि पाइप जोडायला घेतला. टाकी रिकामी होईपर्यंत शोभाताई उभ्याच होत्या. टँकर वळणावर दिसेनासा झाला तेव्हा त्या उंबऱ्यावर बसल्या आणि पदरानं डोळे पुसले.

मी पेटी आवरत होतो. नाना जवळ आले.

"साहेब, तिला सांगा, माझी एक कढई गेली."

"नाना, मला धाराशिव गाठायचंय," मी म्हणालो. "तुम्हीच सांगा."

ते जरा घुटमळले. मग त्यांनी तिकडं तोंड केलं. "शोभे, माझी एक कढई गेली."

"ठाव हाय मला," त्या उंबऱ्यावरूनच म्हणाल्या. "आमच्या म्हशीचं सांजचं दूध काढलंय, कॅनमधी ठिवलंय. घिऊन जावा. आन् ती कढई घासाय द्या हिकडं, तुमच्यानं निघायची न्हाय."

"निघती माझ्यानं," नाना म्हणाले आणि कढई आणायला गेले.

पुढच्याच आठवड्यात मी इंचाच्या पान्यांचा पूर्ण सेट घेतला. काळेसाहेबांनी खर्चावर सही करताना दोनदा कारण विचारलं. आता कुठूनही फोन आला की मी मशीनचा आजार विचारायच्या आधी बोल्ट कुठल्या देशाचे आहेत ते विचारतो. लोक हसतात. तो सेट आजवर एकदाही लागलेला नाही. गाडी खड्ड्यातून गेली की मागं खडखडतो, एवढंच.